क्लिक नेमका कुठे अडला?

गेल्या काही वर्षांतला एखादा मॅकबुक एअर किंवा प्रो पूर्ण बंद करून त्याच्या ट्रॅकपॅडवर बोट दाबले, तर क्लिक जाणवतच नाही. काच खाली जात नाही, ‘टक्’ वाजत नाही. वापरलेला मॅकबुक विकत घ्यायला आलेली माणसे नेमकी इथे बिचकतात. पॅड गेला असे समजून भाव पाडतात, नाहीतर सौदा सोडून निघून जातात. यंत्र सुरू केले की तोच पॅड ठणठणीत वाजतो. बिघाड नव्हताच. त्या काचेखाली दबणारे बटणच नाही; बोटाला जाणवणारा क्लिक विजेवर तयार केलेला असतो आणि वीज नसली की तोही नसतो.

अ‍ॅपलने हा पॅड मार्च २०१५ मध्ये आणला, आधी १२ इंची मॅकबुक आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये. काचेच्या चार कोपऱ्यांपाशी दाब मोजणारे संवेदक असतात. दाब ठरावीक मर्यादा ओलांडतो तेव्हा एक विद्युतचुंबक काचेला अगदी सूक्ष्म झटका देतो, आणि तोही आडवा. बोट मात्र शपथेवर सांगते की काच खाली गेली आणि वर आली. बोटाची अशी फसगत होऊ शकते हे अ‍ॅपलच्या बऱ्याच आधी ठाऊक झाले होते. गॅब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोर्रे आणि व्हिन्सेंट हेवर्ड यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोटाखाली प्रत्यक्षात खळगा ठेवला, पण उंचवट्यावरून बोट सरकताना जी आडवी बले लागतात ती यंत्राने बोटावर लावली. लोकांना जाणवला तो उंचवटा.

म्हणून ‘ट्रॅकपॅडचा क्लिक बंद पडला’ ही तक्रार ऐकायला जेवढी साधी आहे तेवढी ती आता राहिलेली नाही. क्लिक एकेकाळी एका बटणाचा गुण होता. आता बोटाखालचा संवेदक, त्याची चिप, तिथून मदरबोर्डकडे जाणारी चपटी पट्टी, ड्रायव्हर, विंडोज किंवा मॅक-ओएस, त्यातले सेटिंग आणि शेवटी समोर उघडलेले अ‍ॅप, एवढ्या टप्प्यांतून तो जातो. यांतल्या कोणत्याही टप्प्यावर तो अडला तरी वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण एकच असते: बोट दाबले आणि काही झाले नाही. यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, ‘फॉरमॅट मारून बघू’. दोन, ‘पॅड बदलावा लागेल’. पहिल्याने सगळे सॉफ्टवेअर पुसले जाते, दुसऱ्याने सुटा भाग कचऱ्यात जातो, आणि मुळात काय बिघडले होते याचा पुरावा दोन्हींत नाहीसा होतो. कारण शोधणे ही फावल्या वेळची हौस नव्हे. दुरुस्तीचा तो पहिला भाग आहे. हा भाग सामान्य वापरणाऱ्याच्या हातून हळूहळू निसटला, आणि त्यात त्याच्या आळसापेक्षा यंत्रांच्या रचनेचा दोष अधिक आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या १९६४ च्या लाकडी माउसवर एकच बटण होते. ते दाबले की आतले दोन संपर्क जुळत. बटण चालेना तर उघडून पाहायचे, संपर्क जुळतात का ते तपासायचे, संपले. १९८८ मध्ये जॉर्ज गर्फाईड यांनी बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल मोजणारा पॅड तयार केला. १९९४ मध्ये त्यांच्या सर्क कंपनीचा ‘ग्लाइडपॉइंट’ बाजारात आला, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकबॉलच्या जागी ट्रॅकपॅड बसला. तेव्हाही पॅड बाण हलवायचा आणि खालचे वेगळे बटण क्लिक करायचे. दोन कामे, दोन भाग. बाण हलतो पण क्लिक होत नाही, तर संशयित एकच.

ऑक्टोबर २००८ मध्ये अ‍ॅपलच्या अ‍ॅल्युमिनियम मॅकबुकमध्ये हे बटण काचेखाली गेले. अख्खा पॅडच बटण झाला. वरच्या कडेला बिजागरी, खालच्या कडेजवळ एक स्विच. पुढच्या काही वर्षांत विंडोज लॅपटॉपवाल्यांनी हीच रचना उचलली आणि ती अजूनही बहुसंख्य मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये आहे. जागा वाचली, पॅड मोठा झाला, दिसायलाही देखणा झाला. लेनोव्होने २०१३ मध्ये थिंकपॅड टी४४० वरची, कीबोर्डमधल्या बाण हलवणाऱ्या लाल टिकलीसोबत वापरायची वेगळी बटणे काढून टाकली तेव्हा मात्र जुने वापरकर्ते खवळले. २०१५ च्या टी४५० वर ती बटणे मुकाट्याने परत आली. बटणांची बाजू घेऊन ग्राहक जिंकल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

या एकसंध पॅडबद्दल फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट निदानाच्या दृष्टीने लाखमोलाची आहे. त्याच्या खाली बहुधा एकच स्विच असतो. डावा क्लिक आणि उजवा क्लिक असे दोन स्विच नसतात. स्विच फक्त ‘दाबले’ एवढेच कळवतो. त्या क्षणी बोट कुठल्या भागात होते, किंवा पॅडवर एक बोट होते की दोन, हे पाहून डावा की उजवा ते सॉफ्टवेअर ठरवते. म्हणजे डावा क्लिक व्यवस्थित चालतो आणि उजवाच चालत नाही, अशी तक्रार असेल तर स्विच निर्दोष आहे. सेटिंग किंवा ड्रायव्हर तपासावा. लिनक्सवर तर हे हमखास घडते, कारण तिथे उजव्या क्लिकच्या दोन पद्धती आहेत, एक उजवा कोपरा दाबण्याची आणि दुसरी दोन बोटांनी दाबण्याची. अपडेटनंतर एकीऐवजी दुसरी लागू झाली की माणूस बिघाड समजून बसतो. जुन्या, दोन सुट्या बटणांच्या लॅपटॉपवर हाच तर्क बरोबर उलटा लागतो: उजवे बटणच मेले असेल तर त्याच्याच खालची, दाबाने संपर्क जुळवणारी धातूची टिकली गेली. लक्षण तेच, निष्कर्ष विरुद्ध, आणि फरक पडतो तो आत काय आहे हे माहीत असण्याने.

बिजागरीचेही तसेच. या पॅडच्या वरच्या पट्ट्यात क्लिक जड लागतो किंवा होतच नाही, कारण तिथे बिजागरी आहे. तो दोष नाही. कालपर्यंत खालच्या कोपऱ्यात सहज होणारा क्लिक आज होत नसेल तर तो दोष.

निदानाची सुरुवात खरे तर सॉफ्टवेअरपासूनही नको आणि स्क्रू-ड्रायव्हरपासूनही नको. ती डोळ्यांनी करावी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवावा. तो डुगडुगतो का? झाकण मिटल्यावर एका बाजूला फट राहते का? पॅडच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागावर एक सरळ पट्टी आडवी टेकवली तर पॅड मधोमध वर आलेला दिसतो का? यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावेत. बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी हाताचा पंजा टेकतो त्या भागाखाली किंवा थेट पॅडखाली असते. लिथियम बॅटरीच्या मऊ पिशवीत रासायनिक विघटनाने वायू साठतो आणि ती पुरीसारखी फुगते. फुगलेली बॅटरी पॅडला खालून रेटते, स्विचला खाली जायला जागाच उरत नाही आणि क्लिक बंद पडतो. कधी तो उलट्या तऱ्हेने बंद पडतो: स्विच कायमचा दाबलेला राहतो. मग बाण हलवला की मजकूर आपोआप निळा होत जातो, खिडक्या बाणामागे फरफटत येतात, आणि नवा क्लिक नोंदवला जात नाही, कारण जुना सुटलेलाच नसतो.

बॅटरी फुगण्यामागे वय असते, उष्णता असते आणि दिवसरात्र शंभर टक्के चार्जवर लावून ठेवण्याची सवय असते. अ‍ॅपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर नसलेल्या खोलीत, गादीवर ठेवून, चार्जर लावून चाललेला लॅपटॉप त्या मर्यादेच्या किती बाहेर असेल याचा हिशेब अवघड नाही. अशा यंत्रात फक्त पॅड बदलून देणारा दुकानदार ग्राहकाला निव्वळ फसवत नाही, त्याच्या मांडीवर धोका ठेवतो. २०१५ च्या मध्यात आलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या तापून पेट घेऊ शकतात, म्हणून अ‍ॅपलने जून २०१९ मध्ये त्या परत मागवल्या. पाठोपाठ ऑगस्टमध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना ते लॅपटॉप विमानात न आणण्यास सांगितले. म्हणून पॅड वर आला असेल तर चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, पॅड दाबून ‘बसवण्याचा’ प्रयत्न करू नये, बॅटरीला टोकदार काही लागू देऊ नये आणि ती केराच्या बादलीत टाकू नये.

पॅड सपाट असेल तर मात्र घाई नाही. इथून पुढे निदान म्हणजे निव्वळ तर्क आहे, आणि त्याला हत्यार लागत नाही. सेटिंगमध्ये ‘टॅप टू क्लिक’ सुरू करावे आणि पॅड न दाबता त्यावर नुसता टिचका मारावा. टिचका चालतो आणि दाबणे चालत नाही, तर संवेदक, चिप, ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि अ‍ॅप एवढे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटतात. उरतो फक्त स्विच, किंवा त्याच्या आणि पॅडच्या मधली फट. उलट, दाबल्यावर ‘टक्’ वाजतो पण काही घडत नाही आणि टिचकाही चालत नाही, तर संशय वरच्या टप्प्यांकडे सरकतो. नुसता आवाज आला म्हणून स्विचला सोडून देऊ नये, ही मेख इथे लक्षात ठेवावी. धातूची टिकली वाजते आणि तरीही तिच्याखालचा संपर्क चहाच्या वाळलेल्या साखरेने किंवा गंजाने जुळत नाही, असे होते.

तिसरा पुरावा बाहेरच्या माउसचा. यूएसबी माउस लावून त्याचाही क्लिक होत नसेल तर पॅडला बोल लावण्यात अर्थ नाही, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. ते अर्धेच खरे. पॅडचा स्विच दाबलेला अडकला असेल तर यंत्राच्या दृष्टीने डावे बटण आधीच दाबलेले आहे, त्यामुळे चांगला माउसही लुळा पडतो. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमधून किंवा बायोसमधून पॅड बंद करावा. माउस लगेच ताळ्यावर आला, तर चोर सापडला.

सेटिंगचे गुन्हे त्या मानाने क्षुल्लक, पण संख्येने बहुधा सर्वाधिक. एफएन बटणासोबत वरच्या ओळीतली एखादी कळ चुकून दाबली की पॅड बंद. एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपवर पॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली की पॅड बंद होतो आणि तिथे एक पिवळट दिवा लागतो. ही सोय होती, पण ती माहीत नसलेल्याला तो दिवा धोक्याचा वाटे. माउस जोडलेला असताना पॅड बंद ठेवण्याचा पर्याय विंडोज आणि मॅक दोन्हीकडे आहे. ब्लूटूथ माउस बॅगेत सुरू राहिला, तर टेबलावरचा पॅड काही कारण न दिसता मुका होतो. टायपिंग करताना तळहाताचा स्पर्श टाळण्यासाठी कळ दाबलेली असेपर्यंत आणि नंतर क्षणभर पॅड स्पर्शाकडे दुर्लक्ष करतो, म्हणून गेम खेळणाऱ्या पोरांची ‘चालताना गोळी सुटत नाही’ ही तक्रार असते. इथे पॅड बिघडलेला नाही, तो आज्ञाधारक आहे.

‘बंद करून सुरू केला, तरी तसाच’ हे वाक्य तंत्रज्ञ रोज ऐकतात. यात ग्राहकाची चूक नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू व्हावे म्हणून ते आपला गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे नव्याने सुरू करते. बंद करणे हे पुन्हा सुरू करण्यापेक्षा सौम्य असावे, ही गोष्ट कोणत्या शहाण्या माणसाला स्वतःहून सुचेल? सुचणार नाही, आणि यंत्र ती सांगतही नाही.

आपल्याकडच्या भिंतीतल्या वायरिंगचाही या कोड्यात हात असतो. ट्रॅकपॅड बोटाची विद्युतधारिता मोजतो, सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा, आणि हे मोजमाप अतिशय नाजूक असते. लॅपटॉपचा चार्जर उच्च वारंवारितेवर वीज तोडत-जोडत काम करतो. त्यातला गोंगाट अर्थिंगच्या तारेतून निघून जावा अशी अपेक्षा असते. जुन्या इमारतींत, चाळींत, भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या मोठ्या छिद्राला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. काही जण तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसतात. मग धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात, बाण थरथरतो, टिचके वाया जातात, नको तिथे क्लिक होतात. चाचणी सोपी आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. पॅड सुधारला तर लॅपटॉपवाल्याऐवजी वायरमनला बोलवावे. अशा घरात पॅड तीनदा बदलला तरी उपयोग नाही, आणि पॅड बदलणाऱ्या दुकानात मात्र, तिथे अर्थिंग चांगले असल्यामुळे, तो दर वेळी ठीक चालताना दिसतो!

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ग्राहकाला कारण नको असते, चालू लॅपटॉप हवा असतो. कंपनीच्या सेवा केंद्रातल्या तंत्रज्ञाने एका पॅडचे कारण शोधण्यात दोन तास घालवले तर त्याच्या वेळेची किंमत सुट्या भागापेक्षा जास्त होते. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत तर हा प्रश्नच येत नाही. तिकीट टाकले की दुसरा लॅपटॉप हातात येतो. अर्थशास्त्र सरळ आहे: भाग बदलणे स्वस्त, विचार करणे महाग.

पण हा हिशेब कोणाच्या वहीतला? सेवा केंद्राच्या वहीत तो बरोबर बसतो. ग्राहकाच्या वहीत बसत नाही, कारण सुटा भाग म्हणून त्याच्या माथी येतो तो बऱ्याचदा एकटा पॅड नसतो. अ‍ॅपलच्या २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी वरच्या आवरणाला गोंदाने चिकटवलेली होती. दुरुस्तीचे मार्गदर्शन करणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्याला दुरुस्तीसुलभतेसाठी दहापैकी एक गुण दिला होता. बॅटरी बदलायची तर कंपनी कीबोर्ड आणि ट्रॅकपॅडसकट अख्खे वरचे आवरण बदलत असे. म्हणजे चांगला चालणारा पॅड बॅटरीबरोबर सती जायचा. त्याउलट २००८ नंतरच्या जुन्या पॅडमध्ये क्लिकचा ताण कमी-जास्त करणारा एक बारीक स्क्रू होता. बॅटरी काढली की तो दिसे, आणि पाव फेरा फिरवल्याने अनेक ‘मेलेले’ क्लिक जिवंत होत. या स्क्रूची माहिती ज्याला आहे त्याचे बिल आणि ज्याला नाही त्याचे बिल यांत जे अंतर पडते, ते ज्ञानाचे अंतर आहे. भाग बदलणे स्वस्त आहे हे विधान, न शोधण्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाते तोवरच खरे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीच्या परिसरात, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये वेगळी परंपरा आहे. तिथला कारागीर पॅड उलटा करून पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात खोडरबराने किंवा अल्कोहोलने पुसतो, खाचेत नीट बसवून खाचेची खिटी लावतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत एवढ्यानेच काही पॅड चालू होतात. टिकली झिजली असेल तर जुन्या भंगार पॅडमधली काढून डाग देतो, किंवा तिच्यावर उष्णता सोसणाऱ्या टेपचा कपटा चिकटवून हरवलेली उंची भरून काढतो. ही कला खरी आहे, पण तिचे गोडवे गाताना हात जरा आखडता घेतलेला बरा. तिथेही ‘ट्राय करून बघू’ हेच निदान पुष्कळदा असते. लागले तर लागले. काय केले ते बिलावर लिहिले जात नाही. बिलच बहुधा नसते. कारागिराच्या डोक्यात साठलेले ज्ञान त्याच्या गाळ्याबाहेर पडत नाही, आणि पुढचा ग्राहक पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

कायद्याच्या अंगाने काही हालचाल झाली आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, स्मार्टफोन, टीव्ही यांसारख्या वस्तूंवर दहापैकी किती दुरुस्तीसुलभ याचा आकडा छापणे सक्तीचे केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. दुरुस्तीसुलभता निर्देशांकाच्या चौकटीसाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करण्याची शिफारस आहे. हे चांगलेच आहे. पण या सगळ्या चर्चेचा भर ‘भाग मिळेल का, स्वस्त मिळेल का, सहज उघडेल का’ यावर राहतो. कोणता भाग गेला हे आधी कळले पाहिजे, आणि ते वापरणाऱ्याला स्वतःला कळले पाहिजे, हा मुद्दा मागे पडतो.

मोटारींच्या बाबतीत तो मागे पडला नाही, आणि तिथला इतिहास बोलका आहे. अमेरिकेने १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत ओबीडी-२ ही ठरावीक आकाराची खाच आणि ठरावीक बिघाड-संकेत सक्तीचे केले. हेतू प्रदूषण रोखण्याचा होता, ग्राहकाचे भले करण्याचा नव्हता. परिणाम असा झाला की कोणत्याही कंपनीची मोटार कोणत्याही गॅरेजमध्ये गेली तरी एक छोटे वाचकयंत्र लावून तिला काय होते आहे हे विचारता येऊ लागले. आज ते वाचकयंत्र ब्लूटूथने फोनला जोडून मालकही वापरतो. ‘इंजिन खोलून बघू’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला आता ‘आधी कोड सांग’ असे म्हणता येते. मोटार काही त्यामुळे साधी झाली नाही. उलट गेल्या तीस वर्षांत ती कितीतरी गुंतागुंतीची झाली. गुंतागुंत वाढली की निदान अशक्य होते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

लॅपटॉपमध्ये असे का नाही? तांत्रिक अडचण म्हणावी तर ती दिसत नाही. लिनक्सची पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले आणि त्यातल्या स्पर्श-क्लिक हाताळणाऱ्या ‘लिबइनपुट’ची एक आज्ञा दिली, तर पडद्यावर एकेक ओळ उमटते: बोट टेकले, सरकले, बटण दाबले गेले, बटण सुटले. पॅड दाबल्यावर ‘दाबले’ची ओळ आली आणि ‘सुटले’ची आलीच नाही, तर अडकलेला स्विच डोळ्यांसमोर आहे. दोन्ही ओळी आल्या आणि तरी विंडोजमध्ये क्लिक होत नव्हता, तर स्विच, चिप आणि पट्टी तिन्ही सुटले. दोष विंडोजच्या बाजूला आहे आणि एक पैसाही हार्डवेअरवर घालवायची गरज नाही. एवढी माहिती देणारे एक पान, बायोसच्या पडद्यावर, बोटाचा ठिपका, दाबाचा आकडा आणि स्विचची स्थिती दाखवणारे, प्रत्येक लॅपटॉपमध्ये असायला फार काही लागत नाही. काही कंपन्यांकडे स्वतःच्या चाचण्या आहेतही, पण त्या कुठे दडल्या आहेत आणि त्यांच्या निकालाचा अर्थ काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

आणि नवे पॅड तर आणखी मुके आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २०२१ च्या सरफेस लॅपटॉप स्टुडिओमध्ये कंपनाने क्लिक भासवणारा पॅड आला. डेलच्या २०२२ च्या एक्सपीएस १३ प्लसवर तर पॅडची कडाच नाहीशी झाली. पुढची सगळी काच एकसंध, पॅड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बोटाला अंदाजाने शोधावे लागते. अशा पॅडचा क्लिक गेला म्हणजे संवेदक गेला, कंपन देणारी मोटर गेली, की कोणीतरी सेटिंगमध्ये कंपनाची पट्टी शून्यावर आणली, हे नुसत्या स्पर्शाने सांगणे कठीण आहे. तिसऱ्या शक्यतेत तर क्लिक व्यवस्थित होत असतो, फक्त बोटाला कळत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर ‘प्रिसिजन टचपॅड’ हे मानक आणले. त्याच्या नियमांनुसार पॅडला सुरुवातीलाच विंडोजला आपली ओळख सांगता येते: मी दबणारा पॅड आहे, न दबता फक्त दाब मोजणारा आहे, की मला सुटी बटणे आहेत. निदानाची सुरुवात ज्या प्रश्नापासून व्हायला हवी त्याचे उत्तर अशा रीतीने यंत्राच्या आत गेली दहा-बारा वर्षे पडून आहे. विंडोज १० च्या टचपॅड सेटिंगच्या पानावर त्यातले एवढेच बाहेर आले: ‘या संगणकाला प्रिसिजन टचपॅड आहे.’ तो कोणत्या प्रकारचा, आणि त्याचा स्विच या क्षणी दाबलेला आहे की सुटलेला, यासाठी त्या पानावर जागा भरपूर होती.